ट्यूब हातात, गाडी अंधारात: लाइट पेंटिंगची सुरुवात

डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये काम झालेलं दार तपासताना कारागीर आधी त्यावरून हात फिरवतो, मग मान तिरकी करून वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यात कसं दिसतंय ते पाहतो. रेघ सरळ गेली तर काम पास. कुठे वाकली किंवा तुटली तर पोचा अजून शिल्लक आहे. रात्री गाडीचे फोटो काढायला शिकणाऱ्याने पहिला धडा इथेच घ्यावा. रंगावर क्लिअर कोटचा पारदर्शक थर असतो आणि तो बराचसा आरशासारखा वागतो: प्रकाश ज्या कोनात पडतो, त्याच कोनात परत फिरतो. म्हणून टॉर्च मारला की गाडी उजळत नाही, पत्र्यात एक बोचरा पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे टॉर्चचं तोंड. त्याऐवजी लांब ट्यूब गाडीच्या कडेने सरळ नेली, तर त्याच पत्र्यावर पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत सलग रेघ उमटते आणि गाडीची घडण लगेच कळते.

लाइट पेंटिंगला लागतं ते एवढंच: अंधार, ट्रायपॉडवर कॅमेरा, १० ते २० सेकंद उघडं शटर, आणि तेवढ्या वेळात हातातला दिवा हवा तिथून फिरवणारा माणूस. दिवा कॅमेऱ्याकडे तोंड करून फिरवला तर हवेत रेघ उमटते, वस्तूकडे तोंड करून फिरवला तर वस्तू उजळते. पहिला प्रकार फार जुना. फ्रान्समध्ये माणसाच्या हालचालींचा फोटोतून अभ्यास करणाऱ्या एत्येन-ज्यूल मारे आणि जॉर्ज देमेनी यांनी १८८९ मध्ये माणसाच्या अंगावर छोटे दिवे बांधून त्याच्या चालण्याच्या रेघा टिपल्या होत्या. पुढे १९४९ मध्ये फोटोग्राफर गिऑन मिलीने चित्रकार पिकासोच्या हातात छोटा विजेचा दिवा दिला आणि त्याने अंधारात काढलेली चित्रं कॅमेऱ्यात पकडली. ते फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिले असतील. गाडीसाठी मात्र दुसराच प्रकार कामाचा. गाडीभोवती रंगीत वेटोळी, मागे पंख वगैरे दिसायला झकास असतात, पण सुरुवातीला तिकडे फिरकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सगळं लक्ष पंखांकडे जातं आणि गाडी मागे काळा ठोकळा होऊन बसते.

आधी स्वयंपाकघराच्या ओट्यावर

गाडीजवळ जाण्याआधी एक रात्र घरात घालवा. जेवणं उरकली की ओट्यावर एक चकचकीत स्टीलचा डबा ठेवा, दिवे घालवा, मोबाइलचा टॉर्च लावा. डब्यावर ठिपका दिसेल. आता टॉर्चपुढे वीतभर अंतरावर बटर पेपर धरा. ठिपका जाऊन तिथे मऊ पांढरा पट्टा येईल. कागद डब्याजवळ आणा, पट्टा रुंदावतो. लांब न्या, पट्टा बारीक होतो. मग डोकं स्थिर ठेवून दिवा हलवा: पट्टा सरकतो. आता दिवा स्थिर ठेवून डोकं हलवा: पट्टा तरीही सरकतो! ही शेवटची गोष्ट नीट मुरू द्या. दिवा कुठे धरायचा हे गाडीवरून ठरत नाही, कॅमेरा कुठे लावलाय त्यावरून ठरतं. त्यामुळे आधी कॅमेऱ्याची जागा पक्की करायची आणि मग दिवा शोधायचा, हा क्रम कधीच उलटा करायचा नाही.

सामान

कॅमेरा कुठलाही चालेल, फक्त त्यात मॅन्युअल मोड, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवायची सोय हवी. लेन्स ५० ते ८५ मिलिमीटरच्या आसपासची असली की गाडीचं नाक फुगत नाही. किटसोबत आलेली १८-५५ असेल तर ती ५० कडे ठेवा आणि चार पावलं मागे सरका. ट्रायपॉड मात्र डळमळीत नको. खर्च करायचाच असेल तर तिथे करा. फोर्टातल्या बोरा बाजारात एक चक्कर मारली तर हात लावून, पाय ताणून बघता येतात.

दिव्याची दांडी घरीच बनते. फॉल्स सीलिंगवाले इलेक्ट्रिशियन ज्याला ‘प्रोफाइल लाइट’ म्हणतात, तीच वस्तू: अ‍ॅल्युमिनियमची पन्हळी, आत एलईडीची पट्टी, वर दुधी झाकण. एक मीटरचा तुकडा कापून घ्या. पट्टी १२ व्होल्टची आहे का ते विचारा (२४ व्होल्टच्याही येतात), त्याला साजेशी छोटी रिचार्जेबल बॅटरी आणि अंगठ्याखाली येईल असं बटन लावून घ्या. मागे पोछ्याचा दांडा टेपने घट्ट बांधला की झालं. घरातल्या प्लगमधून वायर ओढत पार्किंगमध्ये नेऊ नका. अंधारात पाय अडकतो आणि ओल्या फरशीवर ते जीवावर बेतू शकतं.

पट्टी साध्या पांढऱ्या रंगाची घ्या. रिमोटने रंग बदलणाऱ्या स्वस्त पट्ट्या प्रकाश कमी करताना खरं तर भराभर उघडझाप करत असतात. डोळ्याला कळत नाही, पण दिवा हलता असला की फोटोत सलग रेघेऐवजी तुकडे-तुकडे येतात. पन्हळीच्या एका बाजूला काळ्या कार्डशीटचा दोन-तीन इंची पडदा चिकटवा. तो का, ते पुढे कळेल.

याखेरीज एक छोटा टॉर्च आणि त्याच्या तोंडाला काळ्या कागदाची नळी, म्हणजे चाकावर नेमका प्रकाश टाकता येतो. अंगात पूर्ण बाह्यांचे काळे कपडे. बूट आणि ट्रॅकपँटवर चमकणाऱ्या पट्ट्या नाहीत ना ते बघा, फोटोत त्या हमखास उमटतात. आणि ओडोमॉस. खाडीकडच्या कुठल्याही जागी ते ट्रायपॉडइतकंच गरजेचं.

अंधार शोधणं

ठाणे-नवी मुंबईत कॅमेरा मिळणं सोपं, अंधार मिळणं कठीण. रस्ते पांढऱ्या एलईडीने इतके लख्ख झालेत की १५ सेकंद शटर उघडं ठेवलं तर गाडी तुमच्या दिव्याशिवायच उजळून निघते, तीही डोक्यावरून पडणाऱ्या सपाट प्रकाशात.

सगळ्यात चांगली पहिली जागा म्हणजे आपल्याच सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग. वारा नाही, रहदारी नाही, आणि अंधार स्विचवर. सेक्रेटरींना संध्याकाळी दोन ओळींचा मेसेज टाका, वॉचमनना मात्र समोर जाऊन सांगा: “काका, अर्धा तास ह्या बाजूचे दिवे घालवू का? कुणाची गाडी आली तर लगेच लावतो.” बहुतेक काका स्वतःच स्विच दाखवतात, आणि थोड्या वेळाने “इकडून धरू का?” म्हणत दांडीही धरतात. अडचण एकच: छतावरचे पाइप आणि बीम बॉनेटमध्ये दिसतात. कॅमेरा एक-दोन फूट वर-खाली करून त्यांना बाहेर ढकलता येतं. मागे स्कूटर आणि सायकलींची गर्दी नको, कोरी भिंत येऊ द्या.

सराव झाला की बाहेर पडा. तुर्भे, महापे, रबाळे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आतल्या गल्ल्या आठवडी सुट्टीच्या रात्री शांत असतात. बंद शटर आणि विटांच्या भिंती ही पार्श्वभूमी मला कुठल्याही चकाचक इमारतीपेक्षा आवडते. ज्या गेटसमोर उभे राहणार त्या सिक्युरिटीला आधी विचारा. खाडीपलीकडे उलवे, द्रोणागिरीत सिडकोने आखलेले रुंद रस्ते आणि मोकळे प्लॉट आहेत, आकाशही जरा काळं मिळतं. पण तिथे एकट्याने जाऊ नका. भटक्या कुत्र्यांची टोळी असेल तर दिवा फिरवणारा माणूस त्यांना अजिबात पटत नाही.

एक नियम कुठेही मोडायचा नाही: फोटोसाठी गाडीचे सगळे दिवे बंद लागतात, त्यामुळे चालू रस्त्याच्या कडेला हे काम करायचं नाही. हॅझर्ड लाइट न लावता अंधारात उभी असलेली गाडी म्हणजे अपघाताला आमंत्रण. पाम बीच रोड याच कारणाने बाद, कितीही मोह झाला तरी. अटल सेतूवर गाडी थांबवायलाच बंदी आहे. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबटे आहेत. रात्री तिकडे दिवे घेऊन फिरायचा विषयच नको. खाडीकाठच्या पाणथळ जागाही सोडा. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ अशी ओळख मिळाली. नेरूळच्या मागच्या पाणथळींवर थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत हे पक्षी उतरतात. त्यांच्या अंगावर रात्री प्रकाश फिरवून मिळालेला फोटो कितीही देखणा असला तरी नको.

गस्तीची गाडी थांबली तर दिवा बंद करून स्वतःच पुढे जा आणि आत्तापर्यंत काढलेला फोटो स्क्रीनवर दाखवा. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमध्ये असू द्या.

गाडीला तयार करणं

प्रकाशाची रेघ धूळ लपवत नाही, उलट मोजून दाखवते. गाडी धुवा, आणि पाणी वाळण्याआधी मायक्रोफायबरने टिपा. टँकरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काळ्या गाडीवर तर चांदण्यांसारखे चमकतात. टायरवरचा चिखल काढा. बंपरखालची लिंबू-मिरची काढायची की नाही हे मालकाच्या आईला विचारून ठरवा. डॅशबोर्डवरचा गणपती राहू द्या, पार्किंगच्या पावत्या मात्र काढा.

नवशिक्यासाठी सोपा कोन म्हणजे पुढून पाऊण बाजू, म्हणजे नाकही दिसतं आणि एक पूर्ण कडही. लेन्स हेडलाइटच्या उंचीवर आणा. स्टिअरिंग असं वळवा की कॅमेऱ्याजवळच्या चाकाचं तोंड, म्हणजे रिम, कॅमेऱ्याकडे दिसेल. टायरची नक्षी नाही. हँडब्रेक लावा, दारं बंद करा, आणि यापुढे गाडीला हात लावू नका. दार उघडलं किंवा कुणी आत बसलं की सस्पेन्शन दबतं, गाडी काही मिलिमीटर हलते. आपण एकाच जागेवरून बरेच फोटो, म्हणजे फ्रेम, काढून शेवटी एकावर एक जोडणार आहोत; गाडी हलली की त्या एकमेकांवर बसत नाहीत. हेडलाइट ‘ऑटो’वर असतील तर बंद करा. गाडी बंद केल्यावरही अर्धा मिनिट दिवे चालू ठेवणाऱ्या गाड्या आहेत, तेवढं थांबा.

रंगाचंही बघा. चंदेरी आणि राखाडी गाड्या सगळ्यात समजूतदार, चूक पोटात घालतात. काळी गाडी फक्त कडांच्या रेघांनी उभी करायची, तिला पूर्ण उजळायचा प्रयत्न केला की आजूबाजूचं सगळं जग तिच्यात दिसायला लागतं. पांढरी लगेच जळते, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा डाग उरतो; तिथे दिवा लांब धरा आणि पार्श्वभूमी गडद ठेवा, नाहीतर टपाची कड आकाशात विरून जाते. मॅट रंगावर रेघ उमटतच नाही, नुसता पसरलेला उजेड मिळतो.

कॅमेऱ्याचे आकडे

मॅन्युअल मोड, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान) एफ/८, शटर १५ सेकंद. इथून सुरुवात करा. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेली कच्ची. व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची सेटिंग) ऑटोवर नको, एकाच आकड्यावर बांधून ठेवा, नाहीतर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येईल. नंबर प्लेटवर किंवा कंपनीच्या चिन्हावर टॉर्च मारून ऑटोफोकस करा आणि लगेच फोकस मॅन्युअलवर टाका. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा थरथराट सावरणारी सोय, बंद. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर किंवा रिमोटवर. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद करा, कारण ते चालू असलं की १५ सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी तेवढाच वेळ अडून बसतो. स्क्रीनचा उजेड कमी ठेवा; अंधारात स्क्रीन फसवते आणि काळाकुट्ट फोटोही छान दिसतो. विश्वास हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोत गडद आणि उजळ भाग किती ते दाखवणाऱ्या आलेखावर ठेवा.

पहिला फोटो दिवा न लावताच काढा. तो जवळजवळ काळा यायला हवा. गाडी स्पष्ट दिसत असेल तर जागेवर उजेड जास्त आहे: शटर १० सेकंदांवर आणा किंवा अ‍ॅपर्चर एफ/११ करा. इथे एक हिशोब डोक्यात ठेवला की निम्मा गोंधळ मिटतो. शटर किती वेळ उघडं, यावर आजूबाजूचा उजेड ठरतो. तुमच्या दांडीचा उजेड मात्र त्यावर ठरत नाही, तो अ‍ॅपर्चर, आयएसओ, दांडीचं अंतर आणि तुमच्या चालण्याच्या वेगावर ठरतो. निम्म्या वेगाने चाललात तर प्रकाश दुप्पट पडतो. एफ/८ वरून एफ/११ वर गेलात तर निम्मा होतो.

बाहेर शूट करत असाल तर सूर्यास्ताच्या आधीच पोहोचा. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सव्वासातनंतर. मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी आकाश गडद निळं होतं, तेव्हा आकाशासाठी एक फ्रेम काढून ठेवा. मग ट्रायपॉडला धक्का न लावता पूर्ण अंधार होऊ द्या आणि दांडीचं काम सुरू करा. नंतर निळं आकाश आणि रंगवलेली गाडी एकत्र आणता येतात.

चालणं

खरी कला इथे आहे, आणि ती पायात आहे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या करसवलतीसाठी चार मीटरच्या आत, ३,९९५ मिलिमीटरवर आणून ठेवलेल्या असतात. पुढे-मागे एकेक मीटर धरला तर तुम्हाला सहा मीटर चालायचंय, आणि हातात साधारण बारा सेकंद आहेत. म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर, एक छोटं पाऊल. सोबतच्याला मोठ्याने आकडे मोजायला सांगा. दिवा गाडीच्या आधीच लावायचा, गाडी ओलांडून पुढे गेल्यावरच घालवायचा. मध्येच लावला किंवा थांबलात तर त्या जागी पांढरा डाग पडतो.

पहिली फेरी टपावरून. कॅमेऱ्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहा, दांडा उंच करून ट्यूब टपाच्या वर दोन-तीन फुटांवर आडवी धरा, म्हणजे गाडीच्या लांबीला समांतर, तोंड खाली. बॉनेटपासून डिकीपर्यंत एका उंचीवर न्या. कॅमेरा खाली असल्यामुळे त्याला ट्यूबचं चमकतं तोंड दिसण्याचा धोका असतो, तेवढ्यासाठीच तो कार्डशीटचा पडदा. तो कॅमेऱ्याच्या बाजूला यायला हवा. तरी आकाशात थोडी रेघ उमटलीच तर एडिटिंगमध्ये पुसता येते. फोटो उघडून बॉनेटची कड आणि टपाची कमान बघा. रेघ डुगडुगली असेल तर हात वर-खाली झालाय. पुन्हा घ्या. ही फेरी पहिल्या झटक्यात जमत नाही, आणि दहाव्यांदा घेण्यात काहीही कमीपणा नाही.

दुसरी फेरी कडेने. दारांपासून दीड मीटर अंतर ठेवून, कॅमेऱ्याकडे ट्यूबची पाठ आणि गाडीकडे तोंड करून चाला. तुम्ही फ्रेममधून जाताय याची काळजी नको. काळे कपडे आणि न थांबता चालणं असेल तर कॅमेऱ्याला तुम्ही दिसत नाही. आता दोन वेगळे परिणाम मिळतात. ट्यूब आडवी, जमिनीला समांतर धरून चाललात तर दारांवर बारीक, धारदार रेघ. ट्यूब उभी धरून त्याच वेगाने चाललात तर रुंद, भरलेला उजेड. गाडीच्या कमरेची घडी दाखवायला आडवी, रंग दाखवायला उभी. दोन्ही वेगवेगळ्या फ्रेममध्ये घ्या. एकाच फोटोत सगळं कोंबायला गेलात की एक चूक झाली तरी पूर्ण फोटो वाया जातो.

चाकांसाठी नळी लावलेला टॉर्च घ्या. प्रत्येक चाकावर बाजूने दोन-तीन सेकंद, हात सतत हलता. टायर काळा असल्यामुळे प्रकाश गिळतो, रिमपेक्षा त्याला जास्त वेळ लागतो. पुढची जाळी आणि बंपर यांच्यासमोरून उभी ट्यूब अर्धवर्तुळात न्या. मग गाडीच्या मागे बसून जमिनीवर थोडा प्रकाश सोडा, म्हणजे गाडीचं पोट आणि जमीन यांच्यातली सीमा दिसते. हे केलं नाही तर चाकं अंधारात तरंगत राहतात.

गाडीचे स्वतःचे दिवे सगळ्यात शेवटी. पार्किंग लाइट लावायला कुणीतरी आत जाणार, म्हणजे गाडी हलणार, म्हणून शेवटी. शटर इथे एक सेकंदाच्या आसपास पुरे, जास्त झालं तर दिव्यांच्या जागी पांढरे गोळे येतील.

फोटोत भुतासारखी आकृती दिसली तर तुम्ही कुठेतरी थांबलात किंवा ट्यूबचा उजेड तुमच्याच अंगावर आला. रेघा दुहेरी दिसत असतील तर ट्रायपॉड हललाय: मधला खांब खाली करा आणि त्याला बॅग लटकवा. उरणकडे जाणारे कंटेनर जवळून गेले तरी जमीन थरथरते, ते जाऊ द्या आणि मग शटर दाबा.

पावसाळ्यातही हे काम थांबवू नका. पाऊस उघडल्यावरच्या ओल्या रस्त्यात गाडीचं प्रतिबिंब फुकट मिळतं. पत्र्यावरचे थेंब मात्र टिपून घ्या, त्यांनी रेघ तुटते. एसीतून बाहेर आणलेल्या लेन्सवर वाफ धरते, म्हणून बॅग वीसेक मिनिटं बंदच ठेवा.

थर जोडणं

घरी आलात की आठ-दहा चांगल्या फ्रेम निवडा आणि सगळ्यांना रॉमध्ये एकसारखी सेटिंग द्या. फोटोशॉपमध्ये किंवा फुकटच्या गिंपमध्ये त्या एकावर एक थरांत उघडा. सगळ्यात खाली आकाशाची किंवा काळी फ्रेम, वरच्या प्रत्येक थराचा ब्लेंड मोड (थर खालच्या थरात कसा मिसळायचा ती सेटिंग) ‘लायटन’ (गिंपमध्ये ‘लायटन ओन्ली’). या मोडमध्ये प्रत्येक जागी जो पिक्सेल जास्त उजळ, तोच दिसतो. त्यामुळे टपाची रेघ एका फ्रेममधून, चाकं दुसरीतून, दिवे तिसरीतून आपोआप एकत्र येतात. नको तो भाग, म्हणजे आकाशातली ट्यूबची रेघ किंवा तुमचा बूट, थराला मास्क (थराचा हवा तेवढा भाग लपवणारा पडदा) लावून काळ्या ब्रशने झाका. एखादा थर भडक वाटला तर त्याची ऑपॅसिटी, म्हणजे गडदपणा, उतरवा. मी सहसा चाकांचा थर अर्ध्यावर आणतो. शोरूमच्या पोस्टरसारखी चमकणारी चाकं मला खोटी वाटतात.

फोनवर शिकायचं असेल तरी हरकत नाही. प्रो मोडमध्ये आयएसओ सगळ्यात कमी, शटर १० सेकंद, टायमर तीन सेकंद, आणि फोन स्टँडवर. फरक एवढाच की बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर बदलत नाही आणि ते चांगलंच उघडं असतं, त्यामुळे फोनला कॅमेऱ्यापेक्षा जास्त अंधार लागतो. दांडी लांब धरा, भराभर चाला. स्नॅपसीडच्या ‘डबल एक्स्पोजर’मध्येही ‘लायटन’ आहे, दोन-तीन फ्रेम तिथेच जोडता येतात.

हात बसल्यावर

चालत्या गाडीसाठी पॅनिंग, म्हणजे गाडीसोबत कॅमेरा फिरवत फोटो काढणं. शटर १/६०, गाडीबरोबर कंबरेतून वळायचं आणि वळता वळता क्लिक. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी १/६० सेकंदात साधारण १८ सेंटिमीटर पुढे सरकते. तुमचं वळणं तेवढंच जमलं तर गाडी ठाक आणि मागची झाडं ओढल्यासारखी येतात. फूटपाथवर, रेलिंगमागे उभे राहा. दुसऱ्या गाडीच्या डिकीत बसून फोटो काढायचे प्रकार सार्वजनिक रस्त्यावर करू नका.

रिग शॉट म्हणजे गाडीलाच सक्शन कपने लांब दांडा लावून त्यावर कॅमेरा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, दोघांनी गाडी हळू ढकलायची, शटर दोन सेकंद. ढकलणारे चालण्याच्या वेगाने चाललेत आणि फोटोत मात्र गाडी शंभरने पळतेय! दांडा नंतर एडिटिंगमध्ये पुसायचा. कप लावण्याआधी पत्रा चकाचक पुसा, धुळीचा कण अडकला की ओरखडा ठरलेला. कॅमेऱ्याला वेगळा पट्टा बांधायला विसरू नका. जागा बंदिस्त आणि सपाट हवी, आणि एक माणूस ब्रेकवर बसलेला हवा.

स्टील वूल पेटवून ठिणग्यांचं चक्र करणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. गाडीजवळ ते नकोच. त्या ठिणग्या म्हणजे जळत्या लोखंडाचे कण, क्लिअर कोटवर पडले की खड्डा करतात, आणि उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला आग लावायला एकच ठिणगी पुरते. त्याऐवजी दोरीला छोटा एलईडी बांधून गोल फिरवा. एकाच बिंदूभोवती हळूहळू वळत राहिलात तर गाडीमागे प्रकाशाचा गोळा तयार होतो, आणि कुणाला सॉरी म्हणायची वेळ येत नाही.

फोटो इंटरनेटवर टाकण्याआधी नंबर प्लेट झाका, आणि गाडी दुसऱ्याची असेल तर त्याला विचारा. मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलात तर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून छोटा करतं, आणि टपावरच्या ज्या रेघेसाठी अर्धी रात्र चाललात तिच्या पायऱ्या-पायऱ्या होतात.